मुशीच्या कातड्याचा शब्द

हे लिहायला मी बसलो, याबद्दल आधी माफी मागतो. रीत म्हणून मागत नाही. आमच्या घरात लिहायला बसणं ही गोष्टच माझ्यापासून सुरू झाली. त्याआधी आमच्याकडची माणसं जाळी सांधायला बसत, मासळी निवडायला बसत, बाजारात बसत. कागद समोर घेऊन बसलेला माणूस म्हणजे काहीतरी अडचणीत सापडलेला, असंच आई अजून समजते. त्यातून मी ज्या शब्दाविषयी लिहिणार आहे तो माझ्या भाषेचा नाही. तो इंग्रजांचा आहे आणि फ्रेंचांचा आहे, आणि फ्रेंच तर मला येतही नाही. सातपाटीहून पालघरच्या कॉलेजात बी.ए.ला जाणाऱ्या मुलानं त्याचं मूळ सांगायला निघावं, हा आगाऊपणाच आहे. तरी लिहितो आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी तो शब्द माझ्या हाताला लागला आणि मग काही केल्या सुटला नाही.

यंदाची थंडीही आता उतरत आली आहे. किनाऱ्यावर वलांड्यांवर, म्हणजे बांबूंच्या त्या लांबलचक मांडणीवर, बोंबील टांगलेत. ओले असतात तेव्हा ते गप्प असतात. वाळले की वाऱ्यानं एकमेकांवर घासतात आणि कुणीतरी शेजारच्या खोलीत वहीची पानं उलटावीत तसा आवाज येतो. कॉलेजात परीक्षेचं वेळापत्रक लागलं आहे. आणि परवा बंदरावर एका बाईच्या टोपलीत मला मुशा दिसल्या. मुशी म्हणजे शार्कचीच लहान जात, हातभर लांब, राखाडी. मी न राहवून तिच्यावरून हात फिरवला.

मुशीला खवले दिसत नाहीत. डोक्याकडून शेपटीकडे हात नेला तर ती गुळगुळीत लागते, ओल्या रबरासारखी. शेपटीकडून डोक्याकडे नेला तर बोटं सोलून निघतात. त्या हिवाळ्याची आठवण मला अशीच लागते. सुरुवातीपासून सांगत आलो तर सगळं सरळ वाटतं, कुणाचं काही चुकलेलं दिसत नाही. आजपासून मागे जायला लागलो की टोचतं.

सरळ बाजूनं सांगतो.

माझा मोठा भाऊ हरेश. बाबा गेल्यावर घर त्यानंच चालवलं. तो मला नावानं हाक मारत नाही, 'मास्तर' म्हणतो. लहानपणी मी पुडीचे कागद उलगडून वाचत बसायचो तेव्हापासून. घरात दुसरं कुणी मला तसं म्हणत नाही, ते नाव फक्त त्याचं. त्या वर्षी आमच्या किनाऱ्याला मासळीनं हात दिला नाही, आणि नारळी पौर्णिमेनंतर दादा गुजरातकडच्या एका बोटीवर खलाशी म्हणून गेला. आमच्या बाजूची बरीच माणसं जातात, डहाणूकडची तर फारच. माणसं गोळा करायला आलेल्या मुकादमानं आमच्या ओट्यावर बसून चहा पीत विचारलं होतं, "दोगं भाव हाय ना? दोगं चला."

"मी येतो," दादा म्हणाला. "तो नाय. त्याचे पेपर हायत."

पेपर तेव्हा कितीतरी लांब होते. मी चहाचे कप उचलून आत नेऊन ठेवले.

तुळशीची लग्नं झाली आणि त्याच्या मागोमाग बोट धरल्याची बातमी आली. दोन देशांच्या मधली रेघ पाण्यावर कुठे उमटलेली नसते. मासळीच्या मागे जाता जाता बोट पलीकडे गेली आणि पलीकडच्यांनी ती धरून नेली. माणसं जिवंत आहेत, कराचीच्या तुरुंगात आहेत, इतकंच बोटीच्या मालकानं फोनवर सांगितलं. वहिनीचे दिवस तेव्हा भरत आले होते. दादा गेला तेव्हा मूल होणार हे त्याला माहीत होतं. झालं की नाही, मुलगा की मुलगी, वहिनी सुखरूप आहे की नाही, हे त्याला आता कसं कळणार? बाकी सगळे प्रश्न सरकारचे होते. हा एक आमचा होता. दादा सुटून कधी येईल, हे आईनं त्या दिवसांत फार कुणाला विचारलं नाही. ती विचारायची, "त्याला कलवायचा कसा?"

पौषात मुलगी झाली. डोक्यावर इतके केस की दवाखान्यातल्या आयाबाईनं दुसऱ्या आयांना बोलावून दाखवले.

आमच्या घरात बारसं बाराव्या दिवशी होत नाही. बाप समुद्रात असेल तर तो परत यायचा, होडी किनाऱ्याला लागायची, मग पाळणा बांधायचा आणि नाव ठेवायचं. पूर्वी याला चार दिवस उशीर होई, फार तर आठ. नाव ठेवण्याआधी बापानं तोंड बघितलं पाहिजे, एवढाच त्यातला अर्थ. आईनं सांगून टाकलं, "होरी लागंपर्यंत पालना नाय." तेव्हापासून आमची मुलगी नुसती 'बाय' आहे. आमच्याकडे कुठल्याही मुलीला बाय म्हणतात. दवाखान्याच्या कार्डावर तिच्या नावाच्या जागी वहिनीचं नाव लिहून पुढे 'बेबी' लिहिलं आहे. लस द्यायच्या दिवशी नर्सबाई दर वेळी ते कार्ड उलटंपालटं करून म्हणायच्या, "अजून बेबीच? अहो, शाळेत जाईल आता ही, काहीतरी ठेवा." वहिनी म्हणायची, "ठेवू." आणि बायचा दंड पुढे करायची.

आमची आणखी एक रीत आहे, ती मला सांगायलाच हवी. बाळंतिणीला मुशीचं कालवण देतात, दूध येतं म्हणून. ते तर सगळ्याच किनाऱ्यावर देतात. पण आमच्या घरात ती पहिली मुशी बाळाच्या बापानं साफ करायची असते. एरवी घरातली मासळी बायकाच बघतात. ही एक मुशी मात्र त्यानं बंदरावरून आणायची, त्यानंच कातडं काढायचं. का, ते कुणाला माहीत नाही. आई म्हणते, बापाचे हात लागायला पाहिजेत.

बाप नव्हता. म्हणून मी आणली.

मागच्या दारी आईनं मला पाट दिला, विळी दिली, गरम पाण्याचं भांडं दिलं. "पानी कडकडीत नको घेव. बोट बुडव, सोसला तर ओत. मंग खरवड." मुशीवर गरम पाणी घातलं की वरचा खरखरीत थर सुटतो आणि वाळूसारखा निघून येतो. मी घाईत उकळतं ओतलं. कातडं तर निघालंच, खालचं मांसही शिजून लगद्यासारखं हातात आलं. ते सावरायला मी हाताच्या तळव्यानंच खरवडायला लागलो, तेही उलट्या बाजूनं.

आईनं येऊन बघितलं. "साफ कर सांगितला, तू शिजवलीस तिला."

आतल्या खोलीतून वहिनी हसली. बोट धरल्यापासून ती हसली नव्हती. "भावजी," ती आतूनच म्हणाली, "तुमी आपली मास्तरकी करा."

मीही हसलो. माझे दोन्ही तळवे सोलवटले होते. ते कालवण वहिनीनं खाल्लं, बरं झालंय म्हणाली. पण वाटीत मुशीचे तुकडे दिसत नव्हते, नुसता रस्सा घट्ट झाला होता. दादानं केली असती तर तुकडे आख्खे राहिले असते. रात्रीच्या जेवणाला आईनं उरलेलं माझ्या ताटात वाढलं, ते मी न खाता तसंच ठेवलं. त्याच्या वाटणीचं काम मी केलं होतं आणि वाईट केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो. इंग्रजीच्या तासाला धड्यात एक शब्द आला, शग्रिन. कुणालाच माहीत नव्हता. मॅडमनी फळ्यावर लिहिला, अर्थ सांगितला: आपली फजिती झाली, आपण कमी पडलो, म्हणून मनाला लागणारी खंत. लाज आणि चडफड एकत्र. मग त्या म्हणाल्या, हा शब्द फ्रेंचमधून आला आहे, तिथे त्याचा उच्चार शाग्रँ असा काहीतरी होतो, आणि त्याचा दुसरा एक अर्थ आहे. खरखरीत चामडं.

मी मान वर केली.

तुर्की भाषेत साग्री म्हणजे घोड्याचा पुठ्ठा, पाठीमागचा मांसल भाग, त्या सांगत होत्या. त्या भागाचं कातडं ओलं असताना त्यावर बारीक बिया पसरायच्या आणि त्या पायांनी आत दाबायच्या. वाळलं की झटकायचं. बिया पडून जातात, त्यांचे खळगे राहतात आणि कातडं दाणेदार होतं. पुढे शार्कच्या आणि पाखट या चपट्या माशाच्या कातड्यालाही तेच नाव पडलं, कारण ते मुळातच तसं असतं. सुतार त्यानं लाकूड घासायचे, तलवारीच्या मुठींना ते लावायचे, हात सटकू नये म्हणून. असं कातडं अंगावर घासावं तसं मनाला जे घासतं, त्याला फ्रेंचांनी हाच शब्द लावला असावा. असावा, मॅडम म्हणाल्या, खात्री नाही. काही विद्वान म्हणतात की चामड्याचा शब्द वेगळा आणि मनाचा वेगळा, दोघांचं तोंड सारखं दिसतं इतकंच.

मी टेबलाखाली माझे तळवे बघत होतो.

कॉलेजात आल्यापासून मी कधी हात वर केला नव्हता. त्या दिवशी केला. "मॅडम, आमच्याकडे मुशी असते," म्हटलं आणि बाकं हसली. मागून कुणीतरी "ए मुशी, खाली बस" म्हणालं. पण मॅडम फळ्याकडून माझ्याकडे वळल्या. "थांब, मला माहीत नाही हे. नीट सांग." मग मी सांगितलं. एका बाजूनं गुळगुळीत, एका बाजूनं खरखरीत. कढत पाण्याचं सांगितलं. तळवे दाखवले. मुशी का आणली होती, ते सांगितलं नाही. आणि मॅडम म्हणाल्या की आता हा शब्द त्या कधी विसरणार नाहीत.

पालघरहून सातपाटीला येणाऱ्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो होतो आणि तो शब्द मनात घोळवत होतो. साग्री, शाग्रँ, शग्रिन. तुर्कस्तानातून फ्रान्स, तिथून इंग्लंड, तिथून पालघर, आणि माझ्या तळहातावर त्याची खूण. घरी पोचलो तेव्हा आई दारात मासळीतून वाकट्या निवडत होती. माझं तोंड बघून म्हणाली, "काय रं, हसतंस?"

"काय नाय," मी म्हटलं.

मला जे सांगायचं आहे ते हेच आहे, आणि ते इतक्या उशिरा आलं. त्या हिवाळ्यात मी आनंदात होतो. भाऊ तुरुंगात, घरात बिननावाची मुलगी, वहिनी भिंतीकडे तोंड करून निजलेली, आणि मला शब्द सापडत होते. त्या थंडीत मी जितकं वाचत होतो तितकं कधी वाचलं नव्हतं. ग्रंथालयातला जाड कोश उघडला की मी घर विसरायचो, आणि घरी येताना वेशीवर कुणीतरी "हरेशचा काय कलला का रं?" विचारलं की सगळं एकदम आठवायचं. विचारणारा आपुलकीनं विचारी. मला मात्र वाटायचं, याला दिसतंय.

फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ लाज नाही, हे मला नंतर कोशात मिळालं. तिथे तो दुःखाचा शब्द आहे. जवळचं माणूस दुरावलं की होणारं दुःख. लहान मूल हमसून हमसून रडतं त्यालाही तोच शब्द लावतात. इंग्रजांनी शब्द घेतला, पण दुःख तिकडेच ठेवून त्यातली लाज तेवढी आणली. मला वाटलं, आमच्या घरात तो दोन्ही भाषांत राहतो आहे. आतल्या खोलीत वहिनीजवळ फ्रेंच, आणि बाहेर ओटीवर माझ्याजवळ इंग्रजी. आणि हे वाक्य सुचलं तेव्हाही मला बरंच वाटलं होतं. म्हणजे बघा.

मराठीत लाजेला किती शब्द आहेत ते मी तेव्हा काढून बघितलं. ओशाळणं, वरमणं, संकोचणं. शरम फारसीतून आली, खजील अरबीतून. समुद्रापलीकडून येऊन ते आपल्या घरात बसले आणि त्यांना कुणी कुठल्या रेघेवर अडवलं नाही. शब्दांच्या होड्या कुणी धरत नाही. माणसांच्या धरतात.

दादाच्या सुटकेसाठी अर्ज मीच लिहिले. घरात दुसरं कुणी नव्हतंच. एक मराठीत, एक हिंदीत, एक इंग्रजीत. इंग्रजी अर्जातलं शेवटचं वाक्य मी तीनदा बदललं. मुलीचा जन्म झाला आहे, कृपया ही वार्ता तिच्या वडिलांपर्यंत पोचवावी, असं ते वाक्य. चौथ्यांदा ते जमलं, आणि मी ते वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिला इंग्रजी कळत नाही. मी का वाचलं, कुणास ठाऊक. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "केसांचा लिवलाव का?"

"कसल्या केसांचं?"

"बायच्या. तिला केस लय हायत, ह्याचा."

मी नव्हतं लिहिलं. अर्जात असं लिहीत नाहीत, असं मी तिला सांगितलं.

अर्ज गेले. पत्रंही गेली, वहिनीच्या सांगण्यावरून मी लिहिलेली, त्यांत केसांचं होतं. पोचली की नाही, काही समजलं नाही.

आई बोईसरच्या बाजारात बसते. कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की तिथे गर्दी होते आणि मराठी मागे पडून हिंदी सुरू होते. आईची हिंदी बेताची. तिच्या शेजारी चिंचणीची सुनंदामावशी बसते, ती दोघींच्या वाटणीचं बोलते. एकदा एका कामगारानं मुशीकडे बोट दाखवून विचारलं, "मौसी, ये शार्क है क्या? काटेगी तो नहीं?"

"मर गया है बाबा," मावशी म्हणाली, "अब तू काट."

बायला बाहेर न्यायला लागलो तेव्हा वहिनी तिला घेऊन एकदा या बाजारात आली. त्या दिवशी सुनंदामावशीचे यजमान दिनाकाका मावशीला टोपल्या पोचवायला आले होते. त्यांनी बायचं टोपडं मागे सारलं आणि डोळे मोठे केले. "आयला, ही तर केसांची टोपी घालूनच आलीय! हरेशला टक्कल पडत चाललाय, आन हिला बघ!"

वहिनी हसली आणि लगेच तोंडाला पदर लावला.

दिनाकाकाही पुढच्या मोसमात गुजरातकडच्याच एका बोटीवर गेले. मावशी नको म्हणत होती. हरेशचं समोर दिसत असताना कसले जाता, म्हणून भांडली होती. पण त्या वर्षीही इथे मासळी नव्हती. आणि दुसऱ्या थंडीत त्यांचीही बोट धरली.

आई ऐकल्या ऐकल्या चिंचणीला निघाली, मी बरोबर गेलो. मावशी भिंतीला टेकून बसली होती. आई जाऊन तिच्या शेजारी बसली, बाजारात बसते तशीच, खांद्याला खांदा लावून. थोड्या वेळानं मावशी मला म्हणाली, "तुला आता येतो ना अर्ज? लिव बाबा आमचा पन."

मला येत होता. आधीचा माझ्या फोनमध्येच होता. नाव बदललं, गाव बदललं, बोट बदलली. मुलीच्या जन्माचं वाक्य काढून टाकलं. मी फोन खाली ठेवला.

"झाला?" मावशी म्हणाली. "आमच्या मानसाचा एवढाच?"

ती रागानं म्हणाली नव्हती. मी फोन पुन्हा उचलला आणि जे आधीच लिहून झालं होतं त्यावर आणखी बराच वेळ मान खाली घालून बसून राहिलो. इतका ओशाळवाणा मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. पहिला अर्ज लिहिताना तीनदा बदललेलं वाक्य मला आठवत होतं. दिनाकाकांसाठी मी एकही वाक्य बदललं नव्हतं.

परतताना आईनं विचारलं, "दिनाच्या अर्जात काय लिवलास?"

"तेच."

आई म्हणाली, "तो तंबाखू खात नाय, बिडी वढत नाय, ह्या लिवायला पायजे होता. लय सादा मानूस." मग अर्जात तसं लिहीत नाहीत, असं मला तिला सांगवलं नाही. मी घरी येऊन ते लिहिलं आणि अर्ज पुन्हा पाठवला.

आता यंदाचं सांगतो. बाय चालायला लागली, बोलायला लागली. तिचे केस आई दोन शेंड्यांत बांधते. तुझं नाव काय विचारलं की ती छातीवर हात ठेवून "बाय" म्हणते. गेल्या रविवारी मी आईबरोबर बोईसरला गेलो, कारण टोपल्या जड होत्या आणि वहिनीला बरं नव्हतं. बायही बरोबर होती. एका रिकाम्या टबात बसून ती बोंबलाची शेपटी चोखत होती. पाळी सुटली होती, गिऱ्हाईक होतं, मावशी कुणाशी तरी हिंदीत हुज्जत घालत होती. माझा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"कोन? मास्तर काय?" पलीकडून आवाज आला. आवाज दादाचा नव्हता.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. आई गिऱ्हाईक सोडून माझ्याकडे बघायला लागली.

फोनवर लखमाकाका होते. डहाणूकडचे. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. दादाच्याच बोटीवर ते खलाशी होते आणि दादाच्याच बराकीत त्यांना ठेवलं होतं. काही जणांना नुकतंच सोडलं, त्यांत ते होते. घरी येऊन त्यांनी मुलाच्या फोनवरून मला फोन लावला. "तुजा नंबर हरेशनी माज्याकडून पाठ करून घेतला," ते म्हणाले. "रोज म्हनवून घ्यायचा. चुकला की परत."

दादा बरा आहे, ते म्हणाले. बारीक झालाय. त्याला अजून सोडलेलं नाही, कधी सोडतील ते ठाऊक नाही.

मी विचारलं, "काका, दादाला माहीत आहे का, त्याला मुलगी..."

"माहीत हाय ना! मंग त्याच तर सांगाचा हाय," लखमाकाका म्हणाले. कागद-बिगद काही तिकडे आला नव्हता. गेल्या थंडीत एक नवी बोट धरून आणली, तिच्यातली माणसं त्यांच्या बराकीत टाकली. त्यांतला एक चिंचणीचा, दिना. आत आल्या आल्या भिंतीशी जाऊन बसला, कुणाशी बोलेना. दुसऱ्या दिवशी हरेशला ओळखून त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि पहिलंच बोलला ते हे: तुला पोरगी हाय. केसांची टोपी घालून आलीय.

लखमाकाका हसत होते. हरेश म्हणे मग उठून बराकीत प्रत्येकाला जाऊन सांगून आला, ज्यांना भाषा कळत नव्हती त्यांनाही. पेढे नव्हते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी चहाआधी आपापल्या वाटणीची साखर बाजूला काढली आणि बिनसाखरेचा चहा प्याले. ती साखर हरेशनं कागदावर घेऊन वाटली. पहिली चिमूट दिनाच्या तोंडात घातली. दिना साखर तोंडात धरून रडत होता, लखमाकाका म्हणाले.

दोन वर्षं आम्ही जी बातमी पोचवायला धडपडत होतो ती अशी पोचली होती. माझ्या तिन्ही भाषांतल्या अर्जांनी नाही. एक बोट धरली गेली, एक माणूस आत टाकला गेला, म्हणून पोचली. दिनाकाका धरले गेले नसते तर दादाला कळलं नसतं. मी मावशीकडे बघितलं. ती एका हातानं तराजू धरून होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचं भांडण मध्येच थांबलं होतं.

"अजून एक हाय," लखमाकाका फोनवर म्हणत होते. "ह्या पन त्यानी पाठ करून घेतला माज्याकडून. ऐक. नाव मास्तराला काढू दे, त्याच्याकडं शब्द लय हायत. आन आयेला सांग, वाट नको बघू. होरी लागली, असा धर."

मी फोन बंद केला. आई उठून उभी राहिली होती. पण मी आधी मावशीजवळ जाऊन बसलो.

"मावशी," मी म्हटलं, "दिनाकाका बरे हायत. दादाजवलच हायत."

तिनं तराजू खाली ठेवला. मग मी आईकडे वळलो आणि टबातल्या बायला उचलून तिच्या हातात दिलं.

"आये, दादाला कलला. होरी लागली, असा धर."